घड्याळातलं मीठ

ठकूला कुणी विचारलं, काय काम करतेस गं तू, की ती म्हणायची, "मीठ वितळवते." समोरचा हसायचा. तीही हसायची. विषय संपायचा.

उत्तर खोटं नव्हतं. अर्धं होतं. त्या अर्ध्या उत्तरावर तिनं घर कितीतरी वर्षं शांत ठेवलं.

ठकू हे घरचं नाव, अप्पांनी ठेवलेलं. ती चाळिशीला टेकली तरी अप्पा तिला भर रस्त्यात त्याच नावानं हाक मारायचे आणि ती मान खाली घालून झपाझप चालायला लागायची. आई ती कॉलेजात असताना गेली. नंतर घरात दोघंच, बाप आणि लेक.

अप्पा घड्याळजी. बसथांब्यासमोरच्या इमारतीत जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक माणूस, एक टेबल आणि एक दिवा मावेल एवढी जागा. उभं राहिलं की डोकं पायरीला लागायचं, म्हणून अप्पा उभे राहायचेच नाहीत. शाळा सुटली की ठकू तिथे स्टुलावर बसून गृहपाठ करायची. एका डोळ्यात भिंग अडकवलेले अप्पा दुसऱ्या डोळ्यानं तिच्याकडे लक्ष ठेवायचे. "चालत नाही म्हणजे मेलं नाही," ते हातातल्या घड्याळाबद्दल म्हणायचे. "कुठेतरी अडलंय. शोधायचं. जोर नाही लावायचा." गिऱ्हाइकाला वाटायचं, आपल्यालाच सांगताहेत. ते मुलीला सांगत असायचे.

ती रसायन अभियंता झाली. वर्गातली बाकीची मुलं साबणात गेली, रंगात गेली, औषधांत गेली, तेलात गेली. ठकू मिठात गेली. शेवटच्या वर्षाला तिनं वितळलेले क्षार धातूला कसे खातात यावर काम केलं आणि ती त्यातच रुतली. पुढे डॉक्टरेटही त्याच विषयात. आत्या भेटायला आली तेव्हा कुणीतरी तिला हे सगळं समजावून सांगितलं. आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे एवढं शिकून पोरगी मीठ पातळ करणार?" ती म्हणाली. "अगं, माझ्या डब्यातलं तर पावसाळ्यात आपोआप होतं."

"आत्या, तेच तर आमचं दुखणं आहे. ओल लागली की आमचं मीठ बिघडतं."

"मग झाकण घट्ट लावत जा."

हे ठकूनं प्रयोगशाळेत सांगितलं आणि तिथे ते कायमचं चिकटलं. कामावर नवा माणूस आला की त्याला पहिल्या दिवशी आत्यांचा नियम शिकवला जायचा. झाकण घट्ट लावा.

आणि खरोखरच ते अर्धं काम होतं. तारे ज्या आगीवर जगतात ती आग चुंबकांच्या पिंजऱ्यात धरायची आणि तिच्यापासून वीज करायची, असं एक मोठं यंत्र बांधायचं चाललं होतं. त्या आगीभोवती वितळलेल्या मिठाचं पांघरूण हवं होतं. पांघरूण आगीची उष्णता बाहेर नेणार, आणि आगीला लागणारं इंधनही आपल्या पोटात तयार करणार. हे खायचं मीठ नव्हे. फ्लोरिन, लिथियम आणि बेरिलियम यांचं. चांगलं तापलं की ते पाण्यासारखं वाहतं. पण जरा ओल शिरली की तिचं आम्ल होतं आणि ते आम्ल नळ्या आतून कुरतडतं. म्हणून आधी शुद्ध करायचं. निकेलच्या भांड्यात वितळवून त्यातून दिवसच्या दिवस वायूचे बुडबुडे सोडायचे. सगळं बंद पेटीच्या आत. पेटीच्या भिंतीला बसवलेल्या जाड हातमोज्यांमध्ये बाहेरून हात घालून.

हे काम येणारी माणसं जगभरातून गोळा केली असती तर एका बसमध्ये मावली असती, आणि मागच्या सीटा रिकाम्या राहिल्या असत्या. ठकूला याचा अभिमान होता. भीतीही होती. या बसमधून उतरलं तर दुसरी बस नव्हती.

बेरिलियमबद्दल ती घरी कधी बोलली नाही. त्याची बारीक धूळ श्वासातून आत गेली तरी बहुतेकांना काही होत नाही. काहींचं रक्त मात्र तिला ओळखून ठेवतं आणि मग आयुष्यभर तिच्याशी भांडत बसतं. त्या भांडणात फुफ्फुसं घट्ट होत जातात. म्हणून प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाचं रक्त दर वर्षी तपासलं जायचं. सुटल्यावर अंघोळ करून, कपडे बदलूनच बाहेर पडता यायचं.

"रोज ओले केस घेऊन येतेस," अप्पा म्हणायचे. "सर्दी होईल ना."

"भट्टीपाशी घाम येतो हो, अप्पा."

खरं सांगितलं असतं तर अप्पांच्या घशाखाली घास उतरला नसता. बायको गेल्यापासून ते मुलीच्या शिंकेलाही दचकायचे.

मीठ काही केल्या स्वच्छ होईना. कधी करडं, कधी हिरवट. वर्षं गेली. पैसा पुरवणारे लोक चुळबुळ करायला लागले. आणि एका सकाळी ठकूनं भट्टीवरच्या काचेतून डोकावलं तर तिला भांड्याचा तळ दिसला. मीठ दिसतच नव्हतं. फक्त वर एक हलकी थरथर.

तिनं भट्टीवाल्याला हाक मारली. भट्टीवाला म्हणजे तिचा कामातला जोडीदार; तो तिला मीठवाली म्हणायचा. भट्ट्या आणि तापमान त्याच्याकडे, रसायन तिच्याकडे.

"भांडं रिकामं का ठेवलंयस?" त्यानं विचारलं. मग त्याला वरची थरथर दिसली.

सर त्या दिवशी लहान मुलासारखे वागले. सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, एरवी टेबलावर कपाचा डाग दिसला तरी बोलून दाखवणारा माणूस. त्यांनी त्या मिठाचे मण्याएवढे थेंब पाडले, ते थिजू दिले, एकेक थेंब काचेच्या बारीक नळीत सोडला आणि नळीची तोंडं ज्योतीवर वितळवून बंद केली. प्रत्येकाच्या हातावर एकेक नळी ठेवली.

"सर, बाहेर न्यायला परवानगी नाही," ठकू म्हणाली.

"नियम कुणी लिहिले?"

"तुम्ही."

"मग? काचेत बंद आहे. येणार कुठून बाहेर? पुढे नातवंडांना दाखवा. म्हणा, हे पहिलं."

"माझं आधी लग्न तर ठरवा," ठकू म्हणाली. सगळे हसले. नळी तिनं रुमालात गुंडाळून घरी नेली.

अप्पांनी ती दिव्यापाशी धरली. भिंग लावून कितीतरी वेळ पाहिली.

"हेच तुझं मीठ?"

"हेच."

"सुरेख आहे गं. मोत्यासारखं. यासाठी एवढी वर्षं?"

"हो. जपून ठेवा हं, अप्पा."

काय म्हणायला हवं होतं ते तिला ठाऊक होतं. उघडू नका, विषारी आहे. पण तेवढं म्हटलं असतं तर बाकीचं सगळंच म्हणावं लागलं असतं. ओले केस, रक्ततपासणी, सगळं. तिनं नळी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली आणि ती हात धुवायला गेली.

त्यानंतर तिला कामासाठी दूरच्या एका प्रयोगशाळेत पाठवलं. बरेच आठवडे ती घरी नव्हती. परत आली तेव्हा अप्पा दारातच उभे होते. जिन्याखालचं दुकान एव्हाना त्यांनी सोडलं होतं. टेबल घरात खिडकीपाशी आलं होतं आणि शेजारपाजारची घड्याळं तिथेच येत होती.

"हात पुढे कर. डोळे मीट."

तिच्या हातात आईचं मनगटी घड्याळ होतं. इतकी वर्षं डबीत बंद पडून होतं, आता चालत होतं. तबकडीवर बाराचा आकडा नव्हता. त्या जागी एक गोल, दुधी, चकचकीत टिकली बसवलेली होती.

"ओळखलंस?" अप्पांचा चेहरा फुलला होता. "तुझं मीठ! तुझी आई आणि तुझं काम, एका जागी. पण फार भुसभुशीत गं बाई. दोनदा तुकडा उडाला. कानस लावली की नुसता भुगा. मग पॉलिशपेपरवर हळूहळू घासत बसलो. घासायचं, फुंकायचं, घासायचं, फुंकायचं. नाकातोंडात गेलं की खारट नाही लागत, गोडसर लागतं. तुला माहीत होतं?"

ठकूला माहीत होतं. पुस्तकात लिहिलेलं असतं ते.

"आवडलं नाही?" अप्पांनी विचारलं.

"आवडलं," ती म्हणाली. "खूप आवडलं."

दुसऱ्या दिवशी तिनं काहीतरी निमित्त काढून अप्पांना आत्याकडे धाडलं. तोंडाला मास्क, हाताला हातमोजे. ओल्या फडक्यांनी तिनं टेबल पुसलं, फरशी पुसली, भिंत पुसली, खिडकीच्या गजांच्या मागे बोटं घालून पुसलं. घड्याळ दोन पिशव्यांत घालून डब्यात बंद केलं. फडकी बांधून प्रयोगशाळेच्या कचऱ्यात गुपचूप मिसळली. मग ती न्हाणीघरात पाणी चालू करून बसली. एकच तर मणी होता. बहुतेकांना काही होत नाही. ती स्वतःला हे दिवसातून अनेकदा सांगायची, रस्ता ओलांडताना, दात घासताना, हातमोज्यांत हात घालताना.

"घड्याळ घालत नाहीस तू," अप्पा म्हणाले.

"कामावर चालत नाही."

"सुट्टीच्या दिवशी?"

"जपून ठेवलंय, अप्पा."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. आत्याला मात्र फोनवर म्हणाले, "डोळ्यांची पार वाट लावून घेतली मी त्यासाठी. बाईसाहेबांना जुनं वाटत असेल." ठकू शेजारच्या खोलीत होती. तिनं ऐकलं आणि ऐकलं नसल्यासारखं केलं.

दीड-दोन वर्षांनी अप्पांना जिना चढताना मधे थांबावं लागायला लागलं. मग खोकला. कोरडा, किल्ली देताना स्प्रिंग निसटावी तसा. वय झालं, अप्पा म्हणाले. हवा बदलली, आत्या म्हणाली. ठकू त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. छातीच्या डॉक्टरांनी फोटो काढले, नळी घालून फुफ्फुसाचा बारीक तुकडा तपासायला पाठवला. फुफ्फुसांत बारीक बारीक गाठी होत्या.

"कॅन्सर नाही, टीबी नाही," डॉक्टर म्हणाले. "याला सार्कॉइड म्हणतात. का होतो ते अजून नीटसं कळलेलं नाही. कधी धुळीचं काम केलंय का हो, बाबा?"

"डॉक्टर, मी घड्याळजी. धूळ काढायचंच तर काम माझं."

डॉक्टर हसले. हसता हसता त्यांनी ठकूकडे पाहिलं. ठकू मिठाची गुळणी धरून बसली होती.

तिला माहीत होतं की दोन आजार तपासणीत अगदी सारखे दिसतात. एकाचं कारण कुणाला ठाऊक नसतं. दुसऱ्याचं असतं. त्या दोघांत निवाडा करणारी एक रक्ततपासणी आहे, आणि ती तिच्या प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाई करवून घेत. त्यांच्याकडे गेलं की पहिला प्रश्न येणार, वडिलांना बेरिलियम कुठे भेटलं? उत्तर दिलं की तिची नोकरी गेली, सरांचीही गेली, आणि तिच्या तोंडावर या धंद्याची सगळी दारं लागली. उत्तर दिलं नाही तर अप्पा चुकीच्या नावाच्या आजाराची गोळी घेऊन त्याच टेबलाशी बसणार. ते टेबल आपण पुरतं पुसलं की नाही, हे तिला स्वतःलाही सांगता येत नव्हतं.

ती सरांकडे गेली. सरांनी उठून दार लावलं आणि सगळं ऐकलं.

"नक्की तेच आहे?"

"तपासल्याशिवाय कसं सांगू?"

"म्हणजे नसेलही."

"नसेलही."

सर खुर्चीत मागे टेकले. एकदम म्हातारे दिसले. "यंत्राच्या मोठ्या टाकीत मीठ भरायचं तोंडावर आलंय. तेवढं होऊ दे. मग मी स्वतः येतो तुझ्याबरोबर. शब्द देतो. औषध तर चालूच आहे ना? दोन्ही आजारांना औषध एकच."

ते खरं होतं. औषध एकच होतं. पण एका आजारात माणसाला त्या धुळीपासून लांबही न्यावं लागतं. सर ते बोलले नाहीत. आपल्याला अर्धी उत्तरं किती चटकन ओळखता येतात, याचं ठकूला त्या दिवशी नवल वाटलं.

भट्टीवाला बाहेर घुटमळत होता.

"सांगणारेस?"

"माहीत नाही."

"माझी नळी घरी शोकेसमध्ये आहे. धडधाकट. मी काय घोडं मारलंय कुणाचं?"

"काही नाही."

"मीठवाले, दोन पोरं आहेत माझी. आणि मला दुसरं काही येत नाही."

"मला तरी कुठे येतं?" ठकू म्हणाली.

ती थांबली. टाकी भरेपर्यंत थांबायचं, असं तिनं ठरवलं नव्हतं. ती नुसती थांबली.

गोळ्यांनी अप्पांचा चेहरा सुजला, पण श्वास जरा सुटला. एका रविवारी दुपारी ठकू कपडे वाळत घालून आत आली तर अप्पा टेबलाशी बसलेले. शेजारच्यांचं गजराचं घड्याळ उघडून पुढ्यात. जुनी कानस शोधायला त्यांनी खालचा खण पूर्ण बाहेर काढला होता. तो खण असा पूर्ण निघतो हे ठकूला ठाऊकच नव्हतं. खणाच्या मागच्या फळीवर पांढरट भुकटीचा पातळ थर होता. अप्पांनी गाल फुगवले.

"फुंकू नका!"

त्या घरात असा आवाज कधी कुणी काढला नव्हता. अप्पा खण हातात धरून तसेच राहिले.

"अगं, धूळ आहे."

"असू दे. उठा तिथून."

"एवढं साफ करतो आणि..."

"उठा म्हणते ना!"

तिनं त्यांचा दंड धरून ओढलं. धक्क्यानं गजराचं घड्याळ खाली पडलं, काच फुटली. अप्पांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"एवढा जड झालो का गं मी तुला?"

तिनं त्यांना बाहेर काढलं. तिनं त्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत धरून जिन्यात जाऊन बसली.

सकाळी कामावर गेल्यावर कपडे न बदलता ती सरळ डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली. मणी, नळ्या, घड्याळ, कानस, पॉलिशपेपर, आपण पुसलेलं टेबल, आपण न पुसलेला खण. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"किती दिवस माहीत आहे तुम्हाला?"

"पहिल्या दिवसापासून."

बाईंनी एक कोरा फॉर्म पुढे ओढला. मग म्हणाल्या, "वडिलांना माहीत आहे?"

"नाही."

"आज सांगा. आमची माणसं उद्या घरी येतील. त्यांच्या तोंडून कळता कामा नये."

संध्याकाळी तिनं स्वयंपाक केला. अप्पा अजून रुसलेले. भिंतीकडे तोंड करून जेवत होते. ठकूनं दोनदा तोंड उघडलं.

"भाजीत मीठ कमी आहे," अप्पा भिंतीला म्हणाले.

ती उठून मीठ घेऊन आली. वाढलं. आणि पुन्हा बसली तेव्हा तिचं धाडस गळून गेलं होतं. उद्या सकाळी सांगू, तिनं मनाशी म्हटलं. सकाळी अप्पा उशिरा उठले आणि माणसं लवकर आली.

दार अप्पांनीच उघडलं. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या सूटमधली चार माणसं. तोंडावर मास्क, हातात धूळ ओढायची नळकांडी.

"आजोबा, तो खडा तुम्ही कुठे बसून घासलात?" पुढच्यानं विचारलं.

"कसला खडा?"

"मुलीनं आणलेला. बेरिलियमचा, विषारी."

अप्पांनी वळून ठकूकडे पाहिलं. ठकू फरशीकडे बघत होती. अप्पांनी हळूच बोट उचललं आणि बंद खोली दाखवली.

त्यांचं रक्त घेतलं. मग टेबल गेलं. खण गेले. भिंगं, कानशी, पेचकस, बारीक स्प्रिंगांच्या डब्या, अप्पांच्या वडिलांच्या वेळचा हातोडा, आईच्या घड्याळाचा डबा, सगळं पिशव्यांत आणि पिशव्या पिंपांत. अप्पा भिंतीला टेकून उभे होते. एकदाच बोलले. "चिमटे एकावर एक नका टाकू. टोकं वाकतात."

"हे परत येणार नाही, आजोबा," मास्कच्या आतून आवाज आला. आवाज तरुण होता, आणि बराच ओशाळलेला.

तपासणीत जे निघायचं ते निघालं. अप्पांच्या रक्तानं त्या धुळीला ओळखलं होतं. छातीच्या डॉक्टरांनी कागदावरचं आजाराचं नाव खोडून दुसरं लिहिलं. प्रयोगशाळा चौकशीसाठी बंद झाली. सरांनी राजीनामा दिला. मोठी टाकी रिकामीच राहिली. बाकीच्यांकडच्या नळ्या गोळा केल्या तेव्हा एकही फुटलेली नव्हती. भट्टीवाल्याचा ठकूला एकच निरोप आला. "माझी धड होती." तिनं तो पुन्हा पुन्हा वाचला. तिला कामावरून दूर केल्याचं पत्र आलं, त्यात निकाल लागेपर्यंत असं लिहिलं होतं. निकाल काय लागणार हे तिला ठाऊक होतं.

घर धुऊन निघेपर्यंत दोघांना राहायला एक भाड्याची खोली मिळाली. दोन खाटा, एक खुर्ची, खिडकीतून दिसणारी गाड्या लावायची जागा. अप्पा ठकूशी बोलेनात. काही हवं असलं की आत्याला फोन लावायचे.

"तिला सांग, टॉवेल सापडत नाहीये."

"अरे, एका खोलीत ना तुम्ही?" आत्याचा आवाज खोलीभर ऐकू यायचा. "मी काय टपालखातं आहे? ए ठकू, दे गं त्याला टॉवेल. आणि तू रे, रुसून बसायला लहान आहेस का?"

ठकू टॉवेल द्यायची. अप्पा फोन ठेवायचे. त्यांच्या हातांना काही काम नव्हतं. बसल्या बसल्या अंगठा आणि बोट आपोआप जुळायचं, अदृश्य किल्ली फिरवल्यासारखं. लक्षात आलं की ते हात मांडीखाली दाबून ठेवायचे.

एका संध्याकाळी, चहा घेऊन झाल्यावर, त्यांनी कप खाली ठेवला.

"आता सांग."

"काय, अप्पा?"

"सगळं. मीठ वितळवते म्हणून सुटू नकोस. घड्याळ आपटलेलं असतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, आपोआप बंद पडलं. तसं नको सांगू."

तिनं सांगितलं. आग, पांघरूण, मीठ, ओल, बेरिलियम, ओले केस. चाचरत सुरुवात झाली, मग ती सलग बोलत राहिली. अप्पा सवयीनं एक डोळा बारीक करून ऐकत होते. मधेच अडवून विचारत होते. तो वायू का सोडायचा? नळ्या निकेलच्याच का? तुला तळ दिसला तेव्हा काय वाटलं? एवढ्या वर्षांत त्यांनी तिच्या कामाबद्दल हे कधी विचारलं नव्हतं. तिनंच विचारू दिलं नव्हतं.

"म्हणजे आत गेलेलं ते बाहेर निघत नाही," शेवटी ते म्हणाले.

"पुरतं नाही."

"आणि वाढणार."

"वाढू शकतं. हळूहळू. औषधानं धरून ठेवता येतं, बरं होत नाही."

"मग मला किती..."

"सांगता येत नाही, अप्पा. खोटं नाही बोलत आता. खरंच सांगता येत नाही."

त्यांनी मान हलवली. बाहेर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती. पुन्हा पुन्हा घरघरत होती.

"विषाचं एक वेळ जाऊ दे," ते म्हणाले. "तो पांढऱ्या कपड्यातला पोरगा मला विचारतो, आणि मी गाढवासारखा म्हणतो, कसला खडा. माझ्या घरात, माझ्या दारात. मला आधी सांगायचं होतंस, ठके. मग जगाला."

"हो."

"हो काय, हो?"

"चुकलं माझं."

त्यांना खोकला आला. बराच वेळ थांबेना. तिनं पाणी दिलं. त्यांनी पेला तिच्या हातातून घेतला, हे त्या खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच. दोन घोट घेऊन ते एकदम थबकले.

"ते टेबल तूच पुसलंस ना? मला तुझ्या आत्याकडे धाडून?"

"मास्क होता तोंडाला."

"मास्क होता," अप्पा म्हणाले. घड्याळ पाण्यात पडलंच नाही असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाचं बोलणं ते असंच परत म्हणायचे. "आणि तुझं रक्त?"

"या वर्षीचं उद्या द्यायचंय."

"निकाल?"

"काही दिवसांनी."

त्यांनी पेला खिडकीत ठेवला. उठले, खाटेखालची पिशवी ओढली, तिच्यातून एक इस्त्रीचा शर्ट काढला.

"किती वाजता?"

"सकाळी. तुम्ही नका येऊ, अप्पा. तिथे लिफ्ट नाही. दोन जिने आहेत."

"मधे मधे थांबेन," ते म्हणाले. शर्टाची बटणं जागेवर आहेत का, ते एकेक बोटानं चाचपून बघायला लागले.